नळ्याच्या गारगोट्या

नळ्याची बायको घर सोडून गेली ती एका वायसरपायी. असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसा, माझी काही हरकत नाही, पण पूर्ण ऐकून घ्या.

रविवारची सकाळ होती. ती न्हायला बसलेली, डोक्यावर शाम्पूचा फेस, डोळे गच्च मिटलेले. आणि नळ्याला नेमकं तेव्हाच आठवलं की बाथरूमचा नळ सहा महिने ठिबकतोय. नळ्या धंद्यानं प्लंबर. अर्ध्या शहराच्या मोऱ्यांना त्याचा हात लागलेला, स्वतःची सोडून. त्यानं बाहेरून मेन वॉल्व्ह बंद केला, दारातूनच ओरडून सांगितलं, "दोन मिनिटं थांब, वायसर घेऊन आलोच," आणि चपला घालून गेला.

आला तो मंगळवारी.

हार्डवेअरच्या दुकानाला लागूनच बार होता. याहून जास्त सांगायला नको.

बायकोनं पिण्याच्या पाण्याच्या तीन बाटल्या डोक्यावर ओतून फेस उतरवला होता. वॉल्व्ह शेजारणीच्या नवऱ्याकडून उघडून घेतला होता. मग दोन दिवस बॅग भरून नुसती बसून राहिली, कारण जायचं ते तोंडावर सांगून, असा तिचा हिशेब. ती कपड्यांच्या कारखान्यात माल तपासायला होती. शर्टाची काजं, बटणं, शिलाई, सगळं तिच्या डोळ्यांखालून जायचं. चूक दिसली की ती ओरडत नसे. खडूनं बारीकशी फुली मारून बाजूला ठेवायची.

"पिणं मी बारा वर्षं सोसलं," ती म्हणाली. "पण तुम्ही एक काम शेवटाला नेत नाही, ते आता सोसवत नाही मला. बाथरूमच्या भिंतीला अर्ध्याच टाइल्स. पंख्याला पाती तीन, लावलीत दोन. दाराला कडी आहे तर कोयंडा नाही."

"आजच लावतो कोयंडा."

"लावू नका. आणायला जाल."

नळ्या दाराची कडी नुसती वरखाली करत राहिला. एरवी त्याची जीभ कैचीसारखी चालायची.

"पाचव्या रविवारी येते मी, उरलेलं सामान न्यायला," ती म्हणाली. "तोवर एक काम, कुठलंही, पहिल्यापासून शेवटापर्यंत केलेलं दाखवा. मग सामान न्यायचं की नाही ते बघू."

"आणि नाहीच झालं तर?"

"टेम्पो बरोबर असेलच," ती म्हणाली आणि बहिणीकडे गेली.

बुधवारी नळ्यानं घरात होती नव्हती ती बाटली मोरीत रिकामी केली आणि मोठ्या हिमतीनं कोयंडा हातात घेतला. कोयंडा होता, स्क्रू नव्हते. स्क्रू आणायला गेला. स्क्रू काही आले नाहीत, नळ्या मात्र आला, गुरुवारी दुपारी, एक चप्पल घालून. त्या दिवशी तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला. बायको गेली हे त्याला तेव्हा कळलं. मंगळवारी नुसतं दिसलं होतं.

पडल्या पडल्या त्यानं हिशेब मांडला. घरातल्या कुठल्याही कामाला हात लावला की काहीतरी कमी पडतं. कमी पडलं की आणायला जावं लागतं. गेलं की संपलं. तेव्हा असं काम पाहिजे की ज्याला मधेच काही आणावं लागत नाही. प्लंबरच्या धंद्यात असं काम नाही, मी चौकशी केली आहे.

शुक्रवारी त्याला बाईंकडे गीझरला बोलावलं होतं. बाई म्हणजे भूशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, एकट्या राहायच्या, वय सत्तरीच्या पुढं, बोलणं सांडशीसारखं. नळ्या स्टुलावर चढून गीझर उघडत होता तर बाल्कनीतून आवाज, खळ्ळ-खस्स, खळ्ळ-खस्स, एकसारखा. तो बघायला गेला. दोन दांडे लाटण्यासारखे फिरताहेत, त्यांच्यावर आडवा ठेवलेला एक रबरी डबा हळूहळू गडगडतोय. बाजूला इवलीशी मोटर, तिच्यापासून दांड्यापर्यंत पट्टा.

"बाई, काय दळताय?"

"दगड."

"कशाला?"

"गुळगुळीत करायला. नदीला हजारो वर्षं लागतात. मी महिन्यात करते."

बाईंनी एक दगड त्याच्या हातावर ठेवला. त्याला वाटलं ओला आहे, म्हणून त्यानं तो पँटीला पुसला. परत बघितलं तर तसाच ओला. परत पुसला. बाई बघत होत्या.

"ओला नाही तो. अस्साच आहे. साधी गारगोटी आहे, रस्त्यावर पडलेली असते ती."

नळ्या त्या गारगोटीकडे बघत राहिला. मग अगदी पडेल आवाजात त्यानं विचारलं, "यात मधेच काही आणायला लागतं का?"

"हा काय प्रश्न?"

"लागतं का सांगा ना."

"नाही. सगळं आधीच जवळ ठेवायचं. चार भुकट्या, चार आठवडे. पहिली वाळूसारखी जाड, चौथी पिठासारखी. प्रत्येकीबरोबर दगड सात दिवस फिरले पाहिजेत, रात्रंदिवस. तुझं काम एकच, हात न लावणं."

"ते जमेल मला," नळ्या म्हणाला. त्या कामाचा त्याला बारा वर्षांचा अनुभव होता.

बाईंकडे एक जुनं यंत्र पडून होतं. नळ्यानं गीझरचे पैसे घेतले नाहीत, यंत्र मागून घेतलं, आणि मागताना का हवंय तेही सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट बघितलं. मग शाळेतल्या पोराला सांगावं तसं त्याला बोटांवर मोजून मोजून सांगितलं. चाकूनं ओरखडा उठतो तो दगड मऊ, तो घ्यायचा नाही. डबा दोन तृतीयांश भरायचा. पाणी दगडांच्या डोक्यापर्यंत, वर नाही. आठवडा संपला की सगळं धुवायचं, डबा, झाकण, दगड, स्वतःची नखंसुद्धा, कारण जाड भुकटीचा एक कण पुढच्या आठवड्यात गेला तर सगळ्या मालावर ओरखडे.

"आणि तो चिखल मोरीत ओतायचा नाही. सिमेंटसारखा बसतो."

"हे तुम्ही मला सांगताय?"

"तुलाच सांगतेय. आणि दिवसाआड झाकण सैल करून आतली हवा सोडायची. कधी कधी वायू धरतो."

"हो हो," नळ्या म्हणाला. तो तेव्हा मनात दिवस मोजत होता. शनिवारी सुरू केलं तर अठ्ठावीस दिवसांनी शनिवार. रविवारी ती येणार. एक दिवस हातात राहत होता.

नव्या इमारतीच्या पायाच्या खड्ड्यातून त्यानं पिशवीभर गारगोट्या वेचल्या. वॉचमननं विचारलं काय नेतोस, तर म्हणाला, खडे आहेत, कानाला लावायला. चाकू फिरवून फिरवून एकसष्ट निवडल्या. पांढऱ्या, तांबूस, एक-दोन मधाच्या रंगाच्या. शनिवारी सकाळी नऊला त्यानं बाथरूममध्ये, अर्ध्या टाइल्सच्या भिंतीखाली, यंत्र चालू केलं. खळ्ळ-खस्स.

सव्वानऊला त्याचं काम संपलं. आणि सहा दिवस पावणेचोवीस तास बाकी राहिले.

दारू सोडलेल्या माणसाला लोक सांगतात, मन रमव. आणि नळ्यानं असला छंद धरला की ज्यात करायला काही नाही. सकाळची कामं करून तो दोनला घरी यायचा, आंघोळीची बादली पालथी घालून यंत्रासमोर बसायचा. तीनपर्यंत बरं असायचं. चार वाजले की कपबशी हातात घेतली तर घंटी वाजवल्यासारखी वाजे. अंगाला घाम, पायात मुंग्या, आणि डोक्यात एकच वाक्य, जरा जाऊन येऊ. तो डब्याच्या फेऱ्या मोजायचा. मिनिटाला तीस. हजार झाले की परत एकपासून. एक दिवस असे अकरा वेळा हजार झाले आणि मग तो बादलीवर बसल्या बसल्या रडला. कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सहाव्या दिवशी फ्यूज आला. फ्यूज हा इलेक्ट्रिशियन, नळ्याचा वीस वर्षांचा बसण्याउठण्यातला दोस्त, म्हणजे बसण्यातलाच, उठण्यात दोघंही कच्चे. पिशवी खाली ठेवली तर आतून किणकिणली.

"मिक्सर बिघडला का रे?"

"दगड फिरवतोय."

"का?"

"गुळगुळीत व्हायला."

फ्यूजनं त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. "डॉक्टरला दाखवलंस का?"

"बायकोला दाखवायचेत."

"दगड? अरे बायका रुसल्या की लोक साडी नेतात, सोनं नेतात. तू धोंडे नेणार."

"ती येणार आहे. मी नेणार नाही."

"मग तर चांगलंच आहे, हाताशी असतील तिच्या," फ्यूज म्हणाला आणि बाटली काढून बेसिनवर ठेवली. "एकच घे. तुझ्या धोंड्यांच्या नावानं."

नळ्याच्या तोंडाला पाणी सुटलं ते त्याला ऐकू आलं. "तू बस, मी ग्लास आणतो," तो म्हणाला, स्वयंपाकघरातून सरळ जिन्यावर गेला, जिना उतरून बसस्टॉपवर गेला, आणि स्वतःच्याच घरातून पळालेला तो माणूस दीड तास येणाऱ्या-जाणाऱ्या बसचे नंबर वाचत बसला. परतला तेव्हा फ्यूज गेला होता. पण दोस्त तो दोस्त, बाटलीत चार बोटं मित्रासाठी ठेवून गेला होता.

ओतून टाकायला म्हणून नळ्यानं टोपण काढलं, आणि वासानं बाटली आपोआप ओठांपर्यंत आली. ओतण्यापुरतीही ती हातात धरणं धोक्याचं होतं. त्यानं टोपण लावलं, बाटली टॉवेलात गुंडाळली आणि धावत बाईंचं घर गाठलं.

"हे काय?"

"ठेवून घ्या."

"मी पीत नाही."

"म्हणूनच ना."

बाईंनी बाटली घेतली, दार लावलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, गीझरवरचे डाग छान निघाले.

पहिला आठवडा संपला. नळ्यानं बादल्यांमध्ये गारगोट्या धुतल्या, चिखल जुन्या पोत्यात गाळून बाहेर टाकला, जुन्या टूथब्रशनं प्रत्येकीच्या खाचा घासल्या. आणि बघतो तर कोपरे गेलेले. दगड होते, पण बोट फिरवलं तर बोचत नव्हते. दुसरी भुकटी घातली आणि हाताचं पाणीही न पुसता बायकोला फोन लावला.

"गोल व्हायला लागलेत."

"काय?"

"दगड."

"प्यायलात का?"

"नाही गं. नऊ दिवस झाले."

"मग असं का बोलताय?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात नळ्याला आपलं एक नवीन लक्षण समजलं. प्यायची हाव आणि डबा उघडून बघायची हाव, दोन्ही एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून उठायच्या. हवा सोडायची म्हणून तो झाकण सैल करायचा, मग जरा बघू म्हणून पूर्ण उघडायचा, मग एक गारगोटी पुसून उजेडात धरायचा, आणि मग आतून कुणीतरी म्हणायचं, बास की, झालीच आहे, चांगली दिसतेय. दिवसातून तीनदा. आजवरचं प्रत्येक काम त्यानं इथंच सोडलं होतं, झालंच आहे या ठिकाणी. आणि झालंच आहे म्हटलं की पुढचं पाऊल ठरलेलं. चला, बसू.

तेव्हा तिसरी भुकटी घातली त्या शनिवारी त्यानं स्वतःचा बंदोबस्त केला. अशी चूक फक्त प्लंबर करू शकतो, दुसऱ्या कुणाची बिशाद नाही. झाकणाला त्यानं टेफलॉन टेपचे बारा वेढे दिले. वरून सीलंट फिरवलं. त्याच्यावर लोखंडी क्लँप आवळला, पान्याला नळी जोडून, दोन्ही पाय भिंतीला टेकून. मग डबा उलटा करून बघितला. थेंब नाही. उभ्या आयुष्यातलं त्याचं हे सगळ्यात चोख काम होतं. हवा सोडायचं बाईंनी सांगितलेलं त्याच्या ध्यानात होतं. पण हवा सोडायची म्हणजे उघडायचं, आणि उघडलं की आपण काय करतो ते त्याच्या जास्त ध्यानात होतं. सात दिवसांनी काय होतंय, असं म्हणून तो बादलीवर बसला.

पाचव्या दिवशी, बुधवारी, साडेतीनला झालं.

तो बेसिनवर तोंड धूत होता. डबा फुगलेला त्यानं पाहिला नव्हता. एकदम ठाप्पकन आवाज आला, क्लँप कानाजवळून गेला, आरसा फुटला, आणि राखाडी चिखलाचा एक लोट छतापर्यंत जाऊन सावकाश खाली आला, नळ्याच्या डोक्यावर. गारगोट्या भिंतींवर आपटत होत्या. ज्या अर्ध्या भिंतीला टाइल्स होत्या तेवढ्याच नेमक्या फुटल्या. एक गारगोटी टप्पे खात संडासाच्या भांड्यात गेली आणि आत कुठंतरी टक्क वाजली. झाकण वर व्हेंटिलेटरच्या जाळीत अडकलं.

मोटर चालूच होती. रिकामे दांडे फिरत होते.

नळ्यानं खाली वाकून एक गारगोटी उचलली, बोटानं पुसली. टवका उडाला होता. दुसरी उचलली. तिलाही. तिसरी त्यानं उचललीच नाही. अकरा दिवस उरले होते. त्यानं मोटरचं बटण बंद केलं, दार लोटलं आणि जिना उतरला. या वेळी काही आणायला म्हणून नाही. सरळ, प्यायला.

रस्त्यानं लोक बाजूला होत होते. डोक्यापासून टाचेपर्यंत राखाडी, नुसते डोळे उघडे, कुठल्यातरी चौकातला पुतळा कंटाळून उतरल्यासारखा. बारच्या दारवानानं हात आडवा केला.

"कोण पाहिजे?"

"मी आहे."

"मी कोण?"

"नळ्या. रोजचा."

दारवानानं वाकून डोळ्यांत बघितलं. "असा कसा झालास?"

"आत तर येऊ दे."

"सोफे नवीन घातलेत मालकांनी. आंघोळ करून ये."

"बाहेर दे मग. ग्लास इथं बाहेर आणून दे. पाया पडतो तुझ्या," नळ्या म्हणाला, आणि खरोखर वाकला. दारवानाच्या बुटांवर चिखल ठिबकला.

"अरे माझे बूट. दहा मिनिटांचं काम आहे, जा, धुऊन ये. बार कुठं पळून चाललाय?"

तर नळ्या घरी आला, आंघोळ करून परत जायला. पण आंघोळीला पाय ठेवायला जागा पाहिजे. गारगोट्या उचलाव्या लागल्या, एकेक करून. पाणी ओतायला गेला तर आठवलं, हा चिखल मोरीत गेला तर सिमेंट होईल, आणि इमारतीतल्या सगळ्यांना माहीत होतं प्लंबर कुठल्या मजल्यावर राहतो. मग फडक्यानं पुसून, पिळून, बादलीत. छत पुसलं, भिंत पुसली, काचा वेचल्या. संडासात खांद्यापर्यंत हात घालून एकसष्टावी काढली. स्वतःच्या अंगावर पाणी ओतेपर्यंत साडेसात वाजले होते आणि पाय जागचे हलत नव्हते. तो ओल्या अंगानं पलंगावर आडवा झाला. त्या दिवशी तो प्यायला नाही, यात त्याचं कर्तृत्व काही नाही. नळ्या स्वतःही तसं म्हणत नाही.

गुरुवारी तो पिशवी घेऊन बाईंकडे गेला. झालेलं ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला.

"बारा वेढे?"

"थेंब गळत नव्हता, बाई."

"गळायलाच हवा होता, मूर्खा." त्यांनी भिंगातून एकेक गारगोटी बघितली. "टवके उडालेत. परत पहिल्यापासून."

"दहा दिवस आहेत. नुसती चौथी भुकटी घालून वरवर चमक आणली तर?"

"खड्ड्याला चमक आणलीस तर चमकता खड्डा होईल."

"मग तिला काय सांगू?"

"झालं ते सांग."

"झालं ते मी तिला कधीच सांगितलेलं नाही. तिला खरं वाटायचं नाही."

बाईंनी जुन्यातलं एक झाकण शोधून दिलं. नळ्यानं दुपारी जाड भुकटी घालून यंत्र परत चालू केलं. का केलं, हे विचारू नका. रविवारपर्यंत ते होणार नव्हतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण बाथरूममध्ये तो आवाज नसला की घर खायला उठायचं. आणि या वेळी तो दिवसाआड झाकण सैल करायचा, फुस्स आवाज ऐकायचा, आणि आत न बघता परत लावायचा. डोळे मिटून. एकदा तर डोळ्यांवर टॉवेल बांधून.

पण नळ्या शेवटी नळ्या. शनिवारी तो शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात गेला, काचेच्या टाकीत तळाला घालतात तसल्या चकचकीत गोट्यांची एक पिशवी घेतली, आणि घरी येऊन चांगल्या वाडग्यात ओतून टेबलावर ठेवली. सुंदर दिसत होत्या. त्यानं वाडगा तीनदा फिरवून ठेवला. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही.

रविवारी चारला टेम्पो खाली थांबला. बायको वर आली. नेहमीचीच पर्स, केस नव्यानं कापलेले. दाराकडे बघितलं, कोयंडा नव्हता. पंख्याकडे बघितलं. मग नळ्याकडे, जरा जास्त वेळ.

"बारीक झालात."

"बस ना. हे बघ."

ती खिडकीपाशी बसली. वाडग्यातली एक गोटी घेतली, उजेडाकडे धरली, अंगठ्याचं नख तिच्यावरून फिरवलं. दुसरी घेतली. तिसरी. पाच गोट्या तिनं टेबलावर ओळीनं मांडल्या.

"तुम्ही केलेत?"

"हो."

"सगळे?"

"अठ्ठावीस दिवस लागले."

ती म्हणाली, "माझ्या टेबलावर शंभर काजं अगदी एकसारखी आली ना, की मला कळतं ती यंत्राची. हाताची असली तर एखादं तिरकं असतंच." तिनं गोट्या परत वाडग्यात टाकल्या. "यात तिरकं एक पण नाही."

खालून टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. हॉर्न थांबला तशी आतली खळ्ळ-खस्स ऐकू आली.

"मग आत काय फिरतंय?"

नळ्यानं तोंड उघडलं ते आणखी एक थाप मारायला. थाप तयार होती, चांगली होती, मी ऐकली आहे. पण ती बाहेर आली नाही. त्याऐवजी त्यानं स्क्रूंपासून सांगायला सुरुवात केली. एक चप्पल, बाई, फ्यूज, बसस्टॉप, बारा वेढे, छतावरचा चिखल, माशांचं दुकान. ओळीनं, काही न गाळता. त्याला वाटलं होतं मोकळं वाटेल. तसलं काही झालं नाही. प्रत्येक वाक्याबरोबर ती कपाटाकडे एकेक पाऊल सरकतेय असं त्याला वाटत होतं, आणि ती तर जागची हललीही नव्हती.

"बारमध्ये गेला होतात?"

"दारापर्यंत."

"आत?"

"घेतलं नाही त्यांनी. घाण होतो."

तिचा ओठ एका बाजूनं हलला. मग परत सरळ झाला. ती उठून बाथरूममध्ये गेली, फुटक्या टाइल्स बघितल्या, छतावर राहिलेला राखाडी डाग बघितला, डब्यावर हात ठेवला. हाताखाली डबा फिरत राहिला.

"अजून किती?"

"अठरा दिवस."

"म्हणजे काम पुरं झालेलं नाही."

"नाही."

"एक पुरं झालेलं काम म्हटलं होतं मी."

"हो."

तिनं खिडकीतून टेम्पोवाल्याला हाक मारली. त्यानं वर येऊन शिवणयंत्र उचललं, ती दोन बॅगा घेऊन त्याच्या मागं गेली. नळ्या दारात उभा. कपाट न्यायचं होतं, पलंग न्यायचा होता, भांडी होती. टेम्पोवाला परत वर आला आणि कपाटाला हात घालणार तोच जिन्यातून तिचा आवाज आला, "राहू द्या ते." बारा वर्षांत पहिल्यांदा तिनं एक काम अर्धं सोडलं.

नळ्या पळत खाली गेला. ती टेम्पोत पुढं बसली होती.

"मी फोन करू का? मधे मधे?"

"नको." तिनं जरा विचार केला. "बंद पडलं तर करा. फोन आला नाही तोवर मी समजेन चालू आहे."

"आणि अठरा दिवस झाले की?"

"अठरा होऊ देत आधी," ती म्हणाली, समोर बघत.

टेम्पो कोपऱ्यावरून वळला. नळ्या जिना चढून वर आला. शिवणयंत्राच्या जागी जमिनीवर चार पायांचे ठसे होते, बाकी घर होतं तसंच. तो बादली पालथी घालून बसला. आणि बसला न बसला तोच पट्टा तुटला.

फार मोठा आवाज नाही झाला. फट्‌ इतकंच. मोटर भणभणत राहिली, दांडे थांबले, डबा अर्धा वळून मागं आला आणि स्थिर झाला. इतकी शांतता त्या बाथरूममध्ये महिनाभरात नव्हती.

नळ्यानं पट्टा हातात घेतला. जुनं रबर, बोटांत चुरा झाला. दुसरा पट्टा बाईंकडे होता. बाई रविवारी मुलाकडे जातात, सोमवारी सकाळी आठला येतात. आता संध्याकाळचे पाच. त्यानं फोन काढला, तिचं नाव समोर आणलं. अंगठा त्या नावावर आला. बंद पडलं तर करा, असं तिनं सांगितलं होतं, आणि पुरे अर्धा तासही झाला नव्हता.

त्यानं फोन तसाच बेसिनवर ठेवला आणि तळहात डब्यावर टेकवून पुढं ढकललं. डबा जड होता. आत दगड सरकले. खळ्ळ. परत ढकललं. खस्स.

बंद कुठं पडलंय, तो स्वतःशी म्हणाला. मिनिटाला तीस. फोनचा उजेड आपोआप विझला. उजवा हात भरून आला तसा त्यानं डावा लावला.